काळी मोजली, पांढरी राहिली

साखळीचा खणखणाट आधी कानावर येतो, माणसं मागून दिसतात. तुम्ही मोसम नदीच्या काठी, नामपूरच्या शिवारात उभे आहात. साल 1869. बागलाण तालुका नुकताच खानदेशातून उचलून नव्या नाशिक जिल्ह्यात टाकलाय. तुमच्या बैलांना त्याचं सोयरसुतक नाही. डोक्याला पागोटं, पायांत करकरणाऱ्या वहाणा आणि हातात कुणीतरी दिलेलं एक निशाण. मोजणीदार ओरडला की ते बांधावर उभं धरायचं. 33 फुटांची साखळी ताणली जाते. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, झाला एक गुंठा. असे 40 झाले की एकर.

शेजारी उभे असलेले आबा साखळीकडे संशयानं बघताहेत. 1852 मध्ये तिकडे एरंडोल, सावदा, फैजपूरला लोकांनी मोजणीच्या साहेबांना पिटाळलं होतं, हे त्यांच्या कानावर आलेलं आहे. मोजणी आली की मागून सारा येतो, एवढं गणित आबांना पक्कं कळतं.

दिवस कलेपर्यंत काळी मोजून होते. काळी म्हणजे शेतं. प्रत्येक तुकड्याला नंबर, नंबरापुढे खातेदाराचं नाव, नावापुढे साऱ्याचा आकार. आता साखळी गावात शिरणार म्हणून तुम्ही निशाण खांद्यावर टाकून पुढे निघता. पण मोजणीदार घरांभोवती एक रेघ ओढतो, आत 'गावठाण' असं लिहितो आणि सामान आवरायला लागतो. गावाला आपण पांढरी म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडून, पुन्हा उठून तिथली माती पांढरी झालेली असते. पांढरीवर शेतसारा नाही. ज्यातून वसूल नाही ते मोजायचं कशाला? सरकारच्या नकाशावर तुमच्या शेताला चार बाजू आल्या, तुमच्या घराला एकही नाही.

आबा खूश होतात. घरावर पट्टी बसली नाही, सुटलो. त्या संध्याकाळी तुम्हीही खूशच असता.

घर तुमचं तीन खणांचं धाबं. सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. एप्रिल-मेच्या आगीत आत शिरलं की मडक्यात शिरल्यासारखं वाटतं. पावसाळ्याच्या तोंडावर वर चढून नवी माती पसरायची, पन्हाळी साफ करायची, की वर्ष निघालं. या घराला कुणाचं कर्ज नाही, कुणाचं अनुदान नाही. त्याला कागदही नाही, पण त्याची उणीव आज कुणाला भासत नाही.

तुळईला वाळवी लागते ती 1884 मध्ये. पंधरा वर्षांची उडी तुमच्या लक्षातही आलेली नसते. फक्त पाठ जरा दुखते. तुम्ही सटाण्याला मामलेदार कचेरीत जाता. सरकार तगाई देतं असं ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे: 1883 च्या कायद्यानं विहिरीला, बांधाला, जमीन सुधारायला, 1884 च्या कायद्यानं बी-बियाण्याला, बैलाला. कारकून तुमचं ऐकून घेतो आणि विचारतो, "विहीर का बैल?" तुम्ही म्हणता, तुळई. तो दौतीचं झाकण लावतो.

परतताना सावकाराच्या पेढीवर थांबावंच लागतं. तो घर बघायला येत नाही, धाब्याची लांबी-रुंदी विचारत नाही. तो विचारतो सर्व्हे नंबर. घरावर कोण पैसे देतं, दादा? पैसे काळीवर मिळतात. बांधालगतचा दीड एकर गहाणखतात लिहिला जातो, सागाची नवी तुळई येते, आणि पुढची नऊ वर्षं तुम्ही एका लाकडाचं व्याज कांद्या-बाजरीतून भरत राहता. तुमच्या सालदाराच्या झोपडीलाही त्याच पावसाळ्यात भोक पडलेलं असतं. त्याच्याकडे सर्व्हे नंबर नाही. त्याच्यासाठी सावकाराकडे एकच तारण असतं, त्याचं पुढचं साल.

मधल्या काळात तुम्ही झोप काढलीत तरी चालेल. घरांचं राजकारण तेव्हा मुंबईत घडत होतं. 1920 मध्ये गव्हर्नर लॉइडच्या काळात विकास खातं निघालं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथं बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळ आलं, 1977 मध्ये म्हाडा. 'सरकारनं घरं बांधावीत' हे वाक्य महाराष्ट्रात पहिल्यांदा गिरणगावच्या तोंडी आलं, मोसम खोऱ्याच्या नव्हे. खेड्यातल्या माणसाला घर असतंच, असा सगळ्या पक्षांचा समज. पडवीत झोपणारा सालदार त्या समजात कुठे बसत होता, ते कुणी विचारलं नाही.

त्यामुळे थेट 1976 मध्ये उठा. आणीबाणी आहे. जीपवरच्या भोंग्यातून वीस कलमी कार्यक्रम ऐकू येतो: भूमिहीनांना घरासाठी जागा. योजना तशी 1971 पासूनची, पण आता तिच्यामागे धाक आहे. मारुतीच्या पारावर गाव जमलंय आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही घराच्या विषयावर राजकीय भांडण ऐकता. जागा द्यायची कुठली? गावठाणात बोटभर जागा नाही. राहिलं गायरान.

"गायरान दिलं तर ढोरं कोठे चारवानी?" एक मोठे बागायतदार विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण त्यांची ढोरं तीस आहेत आणि समोर खाली मातीत बसलेल्या माणसांकडे मिळून एक शेळी आहे.

"आम्हीबी माणसंच शेतस, नाना," खालून कुणीतरी म्हणतं. पारावर थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग ठरतं: गावाबाहेर, नाल्यापलीकडे, माळावर. महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावाला अशी एक वस्ती आहे आणि तिचं नाव इंदिरानगर नाहीतर बेघर वस्ती. जागा मिळाली, हे मोठंच झालं; त्याला कमी लेखू नका. पण ती गावाबाहेर मिळाली, हेही तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. आणि त्या सभेत हात वर करताना तुम्ही कुठल्या बाजूनं केलात, ते मी इथं लिहीत नाही.

त्यानंतरच्याच वर्षी, 1977 मध्ये, मुंबईत हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली. पगारदार माणसानं निवृत्तीची वाट न बघता तरुणपणीच घर घ्यावं आणि हप्त्यांनी फेडावं, ही कल्पना तेव्हा नवी होती. नामपुरात ती पोहोचते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींच्या रूपानं. गुरुजींकडे पगारपत्रक आहे. तुमच्याकडे चार एकर आहेत, विहीर आहे, बरं वर्ष असलं तर गुरुजींच्या वर्षभराच्या पगाराएवढा कांदा एका हंगामात निघतो. पण त्याचं पत्रक कुणी देत नाही. बँकेचे साहेब तुम्हाला खुर्ची देतात, चहा देतात, पीककर्ज देतात. घराचं म्हटलं की विचारतात, बिनशेती आहे का? मंजूर नकाशा? मालकीचा उतारा? तुम्ही ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करता. साहेब तो वाचून परत देतात. हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा नाही. पट्टी कोण भरतं एवढंच यावरून कळतं.

घरी येऊन तुम्ही आबांच्या फोटोकडे बघता. त्या दिवशी ते उगीचच खूश झाले होते.

1985 च्या जूनमध्ये इंदिरा आवास योजना सुरू होते, आधी अनुसूचित जाती-जमाती आणि वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी. 1993-94 पासून इतर गरिबांनाही. 1996 पासून ती स्वतंत्र योजना. ठेकेदार नको, ज्याचं घर त्यानंच बांधायचं, हा तिचा नियम मला आजही शहाणपणाचा वाटतो. नाल्यापलीकडे विटांच्या चार भिंती उभ्या राहतात, वर पत्रा. उद्घाटनाला नारळ फुटतो. मे महिन्यात तुम्ही सालदाराला बोलवायला दुपारी तिकडे जाता तर आत कुणीच नाही. सगळं घर बाभळीखाली. म्हातारी हसून म्हणते, "पत्रावर भाकर भाजाई जाई, दादा." तिचं जुनं धाबं पडकं होतं, पण गार होतं. सरकारी भाषेत ते कच्चं आणि हे पक्कं. दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली पाच मिनिटं उभं राहिल्याशिवाय या व्याख्येवर कुणी मत देऊ नये.

तिकडे मुंबईत 1995 ची निवडणूक एका आकड्यावर लढली जाते: 40 लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं. विधानसभेत, वर्तमानपत्रांत, चहाच्या टपरीवर तोच वाद. नामपूरच्या बाजारात एक जण हिशेब मांडतो, मुंबईला मोफत आणि आपल्याला लाइनीत! हिशेब पुरता बरोबर नाही, पण त्यातली जळजळ खरी आहे.

2008 मध्ये एक वेगळाच प्रयोग होतो, आणि तो जवळजवळ विसरला गेला म्हणून मी तुम्हाला मुद्दाम तिथं थांबवतोय. राजीव गांधी ग्रामीण निवारा योजना क्रमांक 2. दारिद्र्यरेषेच्या खालचे इंदिरा आवासमध्ये जातात, पगारदार बँकेत जातात. मधल्यांचं काय, याचं राज्यानं शोधलेलं हे उत्तर. एक लाखाचं घर. 10 हजार तुमचे, 90 हजार बँकेचं कर्ज. मुद्दल तुम्ही फेडायचं, व्याज सरकार भरणार. सावकाराच्या पेढीवर एका तुळईसाठी नऊ वर्षं व्याज भरलेल्या तुमच्यासारख्याला हे वाचून क्षणभर डोळे पुसावेसे वाटतात. अर्ज घेऊन तुम्ही बँकेत जाता. साहेब बदललेत, खुर्ची तीच. योजना त्यांना मान्य आहे. फक्त तारण काय देणार? घर? घराचा उतारा? पुन्हा नमुना 8 टेबलावर येतो आणि पुन्हा परत मिळतो. व्याज सरकारनं भरलं तरी मुद्दल बुडालं तर बँक कशावर बोट ठेवणार, हा त्यांचा प्रश्न वाईट नाही. वाईट एवढंच की तो 1869 पासून तसाच पडून आहे.

मग डाळिंबाची वर्षं येतात. ज्यांना साधली त्यांनी मळ्यात स्लॅबचे बंगले बांधले, वर डाळिंबाच्या आकाराची पाण्याची टाकी. त्या बंगल्यांना गृहकर्ज कुणी दिलं नाही. कुठे बागेनं दिलं, कुठे पीककर्ज स्लॅबमध्ये ओतलं गेलं. मग तेल्या रोग आला, बागा तोडल्या, आणि जिन्याला कठडा बसवायचा राहून गेला तो राहूनच गेला. बागलाणात फिरताना वरच्या मजल्याच्या उघड्या सळया दिसल्या की समजावं, हे घर कोणत्या तरी एका हंगामाचं आहे.

तुम्हाला डाळिंब साधलं नाही. तुम्ही कांद्यावर राहिलात आणि 2014-15 च्या सुमारास मळ्यात कांदा चाळ बांधलीत. 25 टनांची, हवा खेळती राहावी म्हणून जमिनीपासून उचललेली, वर छप्पर. तिला शासनाचं अनुदान मिळतं 87 हजार 500. त्याच वेळी नाल्यापलीकडे तुमच्या सालदाराच्या मुलाच्या इंदिरा आवासमधल्या घरासाठी केंद्रानं ठरवलेली मदत 70 हजार. चाळ पूर्ण झाल्यावर तो आत डोकावतो, फटींतून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि म्हणतो, "कांदानं नशीब भारी शे." तुम्ही हसता. कांद्याचं नशीब काय आहे ते तुम्हाला बाजार समितीत दर आठवड्याला कळतं. तरी हसता.

आता 2016. 20 नोव्हेंबरला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू होते. सपाट भागात घराला 1 लाख 20 हजार, किमान 25 चौरस मीटर, रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी वेगळी, शौचालयाचे 12 हजार वेगळे. पैसे थेट खात्यात. जोत्याचा फोटो, लिंटलचा फोटो, छताचा फोटो. फोटो चढला की हप्ता सुटतो. या पारदर्शकतेची टिंगल करणाऱ्यांनी आधीचे दिवस पाहिलेले नसतात. यादी मात्र 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची. त्यातून सुटलेल्यांसाठी पुढे आणखी एक यादी होते, तिला सगळं गाव 'ड यादी' म्हणतं. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर एकच प्रश्न: "मन्हं नाव ड मा शे का?"

तुमचं धाबं आता दीडशे वर्षांचं झालंय. एक भिंत कललीय. किलचनातून माती गळते. तुमचं नाव यादीत यायला हवं.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागते. पहिल्यांदा पाहता, नाव नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहता. बाजूचा पोरगा समजावून सांगतो की वगळायचे निकष तेरा आहेत. "फटफटी शे म्हनीसन त्यासनं नाव काढी टाकं," तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. फ्रिज असला तरी काढतात. लँडलाइन फोन असला तरी. आणि ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50 हजार किंवा त्याहून जास्त आहे, त्यालाही.

इथं तुम्ही भिंतीला टेकता. चार एकर कांद्यावर तुमच्या कार्डाची मर्यादा 50 हजारांच्या कितीतरी वर गेलीय. ते पैसे उत्पन्न नाहीत, उधारी आहे. बी, खतं, औषधं, मजुरी आणि गारपीट झाली तर नुसता बोजा. पण निकषाच्या दृष्टीनं ज्याला बँकेनं दारात उभं केलं तो गरीब नाही. म्हणजे शेतासाठी कर्ज मिळतं म्हणून घरकुल नाही; आणि घराला मालकीचा कागद नाही म्हणून गृहकर्ज नाही. दोन्ही दारं एकाच वेळी बंद असलेली माणसं महाराष्ट्राच्या खेड्यात किती असतील, याचा अंदाज बांधायला फार लांब जायला नको. यादी वाचणाऱ्या गर्दीत कुणाच्या चपला झिजलेल्या आहेत पण खिशात पासबुक आहे, ते बघा.

दिवाळी, 2019. धाकटा भाऊ नाशिकहून येतो. अंबडच्या एमआयडीसीत त्याची पक्की नोकरी, पाथर्डी फाट्याला नवा फ्लॅट. फराळ झाल्यावर तो हळूच सांगतो, गृहकर्जावर सरकारची व्याज सवलत मिळाली. त्याच प्रधानमंत्री आवास योजनेची, पण शहरी. वर्षाला 6 ते 12 लाख मिळवणाऱ्याला 9 लाखांच्या कर्जावर 4 टक्के सूट, एकरकमी धरली तर 2 लाख 35 हजारांपर्यंत. त्याच्या साहेबांना, ज्यांचं उत्पन्न 18 लाखांपर्यंत आहे, त्यांनाही 2 लाख 30 हजारांपर्यंत.

तुम्ही लाडू ताटात ठेवता. नाल्यापलीकडच्या घरकुलाला 1 लाख 20 हजार. तुम्हाला शून्य. भावाला 2 लाख 35 हजार. एका आईची दोन लेकरं, एकाच नावाची योजना.

भाऊ वाईट नाही. तो मान खाली घालून म्हणतो, "दादा, मी हप्ते फेडतोय, फुकट नाही घेतलं." तेही खरं. शहरात सरकार कर्जाला टेकू देतं, गावात दान देतं. शहरातल्या माणसाला ते ग्राहक समजतं, गावातल्याला लाभार्थी. गावातल्या लाभार्थ्याला बँकेकडून 70 हजारांपर्यंत कर्ज घेण्याची सोय याही योजनेत लिहिलेली आहे. लिहिलेली आहे, इतकंच. माझा या वादातला कौल सांगून टाकतो: घरं किती लाख बांधली यावर सभागृहं दणाणून सोडणाऱ्या दोन्ही बाकांनी घराखालच्या जमिनीकडे पाठ फिरवलेली आहे. सत्ताधारी मंजुरीचे आकडे सांगतात, विरोधक अपूर्ण घरांचे. घर उभं आहे ती जागा कुणाच्या नावावर आहे, हा तिसरा आकडा कुणी सांगत नाही.

आणि नुसत्या बांधकामाचं म्हणाल तर भावाच्या फराळाआधी दोन महिने, 1 सप्टेंबरला, तुम्ही मालेगावच्या एसटीत बसून पेपर वाचलेला होतात. आदल्या दिवशी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं जळगाव घरकुल प्रकरणात 48 जणांना दोषी ठरवलं. पालिकेनं हुडकोचं कर्ज काढून 11 हजारांहून जास्त घरकुलं बांधायला घेतली होती; पुरी झाली दीड हजाराच्या आसपास. घरं राहिली, कर्ज राहिलं, आणि जळगावकर वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घराचे हप्ते खड्ड्यांतून मोजत राहिले. कंडक्टर तिकीट फाडताना पेपरात डोकावून म्हणाला होता, "घर गरिबाचं, कर्ज गावाचं." पुढचं तो बोलला नाही, वडनेर आलं.

2022 चा नोव्हेंबर पटकन पाहून घ्या. ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं गायरानांवरची अतिक्रमणं वर्षअखेरीपर्यंत काढायला सांगितली. राज्यभरात ती 2 लाख 22 हजारांहून जास्त. नाल्यापलीकडच्या माळाच्या कडेला, वस्तीत जागा न मावलेल्या पोरांनी टाकलेल्या खोल्या आहेत. गावोगाव नोटिसा येताहेत. 1 जानेवारी 2011 पूर्वीची घरं नियमित करायचं धोरण राज्याचंच आहे, पण त्या तारखेआधीचा पुरावा काय? पट्टीची पावती? विजेचं बिल? त्या पोरांतल्या एकाचं नाव ड यादीत मंजूर आहे. घर मंजूर, जागा नाही. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, आधी 50 हजार, पुढे 1 लाखापर्यंत. बाजारालगत त्या पैशांत जागा दाखवा म्हटलं तर तो नुसता हसतो. "जागा कोठे शे मन्हाकडे?" हे वाक्य तुम्ही 1976 च्या पारावरही ऐकलं होतं.

मग एका सकाळी आकाशात गुणगुण होते.

गावठाणातली घरं ड्रोननं मोजून त्यांना मालकीचा कागद देणारी स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला जाहीर झाली. महाराष्ट्रानं त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोननं मोजणी करून पाहिली होती. आदल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या हद्दीवर चुना टाकायचा, म्हणजे वरून रेघ दिसते. तुम्हीही चुन्याचं घमेलं घेऊन निघता आणि पहिल्याच कोपऱ्यावर अडता. कललेली भिंत तुमची का चुलत्यांची? पन्हाळ्याचं पाणी पडतं ती हातभर गल्ली कुणाची? ओट्याची पायरी रस्त्यावर आहे का घरात? दीडशे वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून भांडण झालं नव्हतं. आता मोसम खोऱ्यातल्या कुठल्याही गावात चुन्याच्या रेघेवर दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे दिसले तर हसू नका. साखळी गावात शिरायला दीड शतक लागलं. शिरली तर एवढं भांडण होणारच.

तुम्ही मान वर करता. ड्रोन धाब्यावरून जातो. निशाण धरायला कुणी सांगत नाही.

जिथे जिथे हे काम शेवटाला गेलं तिथे मिळकत पत्रिका हातात आली. 18 जानेवारी 2025 ला देशभरात एकाच दिवशी 65 लाखांहून जास्त वाटल्या. पत्रिकेवर क्षेत्रफळ आहे, चतु:सीमा आहे, नाव आहे. घरावर कर्ज मिळेल, असं सरकार सांगतं. पत्रिकेवर आबांच्या वारसांची सात नावं लागलीत आणि त्यातल्या दोन आत्या गुजरातेत असतात. सातही सह्या जमल्या की बँकेत जायचं. साहेब पुन्हा बदललेले असतील.

2 ऑक्टोबर 2025. ग्रामसभा. ग्रामसेवकाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, रजिस्टर तेच आहे. निकष तेरावरून दहावर आलेत: फटफटी, फ्रिज, लँडलाइन चालते, महिन्याची मिळकत 15 हजारांपर्यंत चालते. 50 हजारांचं किसान क्रेडिट कार्ड अजूनही चालत नाही. फेब्रुवारीत पुण्यात 20 लाख घरांची मंजुरीपत्रं निघाली. राज्य आता वरून 50 हजार घालतंय, त्यातले 15 हजार सौर पॅनेलसाठी. घरकुलाला 5 ब्रास वाळू मोफत. 1 लाख 20 हजार, 50 हजार, 12 हजार आणि 312 रुपये रोजानं 90 दिवसांचे 28 हजार 80. झाले 2 लाख 10 हजार. 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट, फुटाला सुमारे 780 रुपये. सभेत बसलेला मिस्त्री हा हिशेब ऐकून कान खाजवतो आणि बाहेर तंबाखू मळायला जातो.

तुमच्या हातात एक अर्ज आहे. त्यात घर मागितलेलं नाही. दोनच ओळी: गावठाणातल्या आणि नाल्यापलीकडच्या प्रत्येक घराची मिळकत पत्रिका किती तारखेपर्यंत देणार ते सभेनं ठरावात लिहावं, आणि पीककर्जाच्या मर्यादेवरून घरकुलातून वगळू नये असा ठराव वर पाठवावा. सालदाराच्या नातवानं तो वाचून खाली अंगठा नव्हे, सही केलीय. धाकट्या भावानं नाशिकहून फोनवर मजकूर नीट करून दिलाय.

सभेला 15 टक्के किंवा 100 मतदार लागतात, यातलं जे कमी असेल ते. अधिकारी डोकी मोजतात. एकसष्ट. बाहेर ट्रॅक्टर लागलेत, माणसं कांद्याच्या कामात आहेत. सभा तहकूब. पुढची तारीख फळ्यावर खडूनं लिहितात.

ती तारीख लिहून घ्या. तहकूब झालेल्या ग्रामसभेला गणपूर्ती लागत नाही. तुम्ही आला नाहीत तरी घरकुलाची यादी त्या दिवशी मंजूर होते.